फांद्यांचं पीईटी: एसएसपीत आयव्ही अडकतो आणि फिल्मवर दाणे येतात, तेव्हा

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. ट्रायमिथिलॉलप्रोपेन, पेंटाएरिथ्रिटॉल किंवा पायरोमेलिटिक डायअॅनहायड्राइड (पुढे नुसतं पीएमडीए) वापरून फांद्या असलेलं पीईटी (बाटल्या-फिल्मचं पॉलिएस्टर, पण सरळ साखळीऐवजी फाटे फुटलेलं) करायचंय. मेल्टमधून, म्हणजे वितळलेल्या अवस्थेतल्या रिअॅक्टरमधून, निघालेल्या चिप्स स्वच्छ, पारदर्शक, आयव्ही (इंट्रिन्सिक व्हिस्कॉसिटी, द्रावणाच्या दाटपणावरून साखळीच्या लांबीचा अंदाज देणारा आकडा) ०.६० च्या आसपास. त्या क्रिस्टलाइझ करून सॉलिड-स्टेटला, म्हणजे न वितळवता साखळ्या वाढवणाऱ्या एसएसपीला, २०५ ते २१५ अंश सेल्सियसवर नायट्रोजनखाली लावल्या. सुरुवातीला आयव्ही नीट चढला, मग मंदावला, मग थांबला. एखादं सॅम्पल तर आधीच्यापेक्षा खाली आलं. टार्गेट गाठलं नाही म्हणून बॅच आणखी चालवली. कशीबशी पास झाली, पण एक्स्ट्रूडरवर गेल्यावर स्क्रीन तुंबते, प्रेशर चढतं आणि फिल्मवर फिशआय, म्हणजे डोळ्यासारखे दाणे, दिसतात. पुढच्या वेळी तीच रेसिपी, तेच तापमान, आणि निकाल वेगळाच.

या सगळ्यात सर्वांत जास्त नुकसान करणारा निर्णय म्हणजे ‘आयव्ही कमी आहे, अजून चालू द्या’. सरळ साखळीच्या पीईटीत हा निर्णय बरोबर असतो. फांद्यांच्या पीईटीत आयव्ही अडकणं हीच पुष्कळदा जेल, म्हणजे साखळ्या एकमेकींत जुळून झालेलं न विरघळणारं जाळं, सुरू झाल्याची पहिली खूण असते. तेव्हा बॅच पुढे ढकलली की जेल वाढतं, जेल वाढलं की आयव्ही आणखी कमी दिसतो, आणि आपण अजून तास वाढवतो. म्हणून आयव्ही अडकला की आधी तापमान १८० च्या खाली आणा, नायट्रोजन चालू ठेवा आणि मग काय झालंय ते शोधा. तेवढ्या वेळात काही बिघडत नाही.

आयव्ही खोटा का बोलतो

मोजण्याची पद्धत डोळ्यांसमोर आणा. फिनॉल आणि टेट्राक्लोरोइथेनच्या ६०:४० मिश्रणात १०० मिलिलिटरला अर्धा ग्रॅम या हिशोबाने नमुना घ्यायचा, ११० अंशांच्या आसपास गरम करून विरघळवायचा, थंड करून गाळायचा आणि ३० अंशांना व्हिस्कोमीटरमधून उतरण्याचा वेळ मोजायचा. त्यातल्या ‘गाळायचा’ या पायरीवर लक्ष ठेवा.

नमुन्यात ८ टक्के जेल असेल तर ते विरघळत नाही, गाळणीवर राहतं. द्रावणात प्रत्यक्षात ०.५० ऐवजी ०.४६ ग्रॅम उतरलेलं असतं, पण गणितात आपण ०.५० च धरतो. विरघळलेल्या भागाचा खरा आयव्ही ०.८० असेल तर कागदावर साधारण ०.७४ येतो. शिवाय जेलमध्ये अडकतात ते आधी सर्वांत मोठे, सर्वांत जास्त फांद्यांचे रेणू. द्रावणात उरतात ते तुलनेने छोटे. म्हणजे आकडा दोन्ही बाजूंनी खाली ओढला जातो.

जेल अजिबात नसलं तरी आयव्ही पुरता भरवशाचा नाहीच. फांद्यांचा रेणू त्याच वजनाच्या सरळ साखळीपेक्षा आटोपशीर असतो, द्रावणात कमी जागा घेतो. हे आकसणं किती असतं याचं गणित झिम आणि स्टॉकमायर यांनी १९४९ मध्येच मांडून ठेवलंय. व्यवहारात याचा अर्थ इतकाच की सरळ पीईटीसाठी केलेला आयव्ही ते रेणुभार हा तक्ता इथे लावू नका. ०.८० आयव्हीचं फांद्यांचं पीईटी हे ०.८० च्या सरळ पीईटीपेक्षा जड असतं, आणि वितळल्यावर त्याची कमी शिअरवरची (हळू वाहतानाची) व्हिस्कॉसिटी तर कितीतरी जास्त असते. बॉटल ग्रेडचं ०.८० चं टार्गेट जसंच्या तसं उचलून फोम ग्रेडच्या बॅचशीटवर लिहिलेलं असतं, आणि तिथूनच अर्ध्या तक्रारी सुरू होतात.

दुरुस्ती सोपी आहे. गाळणीवर उरलेलं धुवून, वाळवून, वजन करा आणि आयव्हीच्या गणितात खरोखर विरघळलेलं वजन घाला. रोजच्या नोंदीत आयव्हीशेजारी जेलच्या टक्क्याचा रकाना काढा. गाळायला जास्त वेळ लागला, गाळणी बुळबुळीत झाली, हे लॅबमधला माणूस अनेकदा पाहतो पण लिहित नाही, कारण ते लिहायला जागाच नसते.

दाणे दिसले म्हणजे जेलच असं नाही

हे ठरवल्याशिवाय रेसिपीला हात लावू नका. फिल्मवरचा ठिपका चार-पाच वेगवेगळ्या गोष्टींचा असू शकतो आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

सर्वांत जास्त फसवते ती एसएसपीतली बारीक धूळ. चिप्स एकमेकींवर घासून जी भुकटी पडते तिचा आकार लहान, त्यामुळे तिच्यातून ग्लायकॉल लवकर निघून जातं, तिचा रेणुभार चिप्सच्या पुढे पळतो. रिअॅक्टरच्या भिंतीवर ती बॅचमागून बॅच बसून राहिली तर इतकी क्रिस्टलाइन होते की तिचा वितळणबिंदूही चिप्सपेक्षा वर जातो. एक्स्ट्रूडरमध्ये ती पुरती वितळत नाही आणि फिल्मवर ठिपका येतो. हे जेल नव्हे, न वितळलेला दाणा आहे. ओळखायला ठिपका कापून हॉट-स्टेज मायक्रोस्कोपवर आडव्या-उभ्या पोलरायझरमध्ये ठेवा. न वितळलेला दाणा चकाकतो, आणि तापमान त्याच्या वितळणबिंदूवर गेलं की काळोखात विरून जातो. खरं जेल आधीच वितळलेलं असतं. ते तसं विझत नाही, कडा दिसत राहते, काच किंचित सरकवली तर ताणलं जातं आणि परत येतं.

अर्थात तीच भुकटी फांद्यांच्या रेसिपीत असेल तर ती न वितळणारी आणि जेल झालेली, दोन्ही असू शकते. म्हणून दुसरी कसोटी विद्राव्यतेची. हेक्साफ्लुओरोआयसोप्रोपेनॉल, म्हणजे एचएफआयपी, खोलीच्या तापमानालाच पीईटी विरघळवतं. न वितळलेला दाणा त्यात सावकाश का होईना, विरघळतो. जेल फुगतं आणि तसंच राहतं. काळा कण, कॅटॅलिस्टचा गोळा किंवा बाहेरचा कचरा विरघळतही नाही आणि फुगतही नाही. एचएफआयपी त्वचेला आणि डोळ्यांना गंभीर इजा करतं, फिनॉल आणि टेट्राक्लोरोइथेन विषारी आहेत. फ्यूमहूड, योग्य हातमोजे, चष्मा यात तडजोड नको.

एक वाकडी वाट टाळा. जाळीदार पॉलिइथिलीनचं जेल उकळत्या झायलीनमध्ये काढतात, ती पद्धत पीईटीला लावलेली मी एकाहून जास्त रिपोर्टमध्ये पाहिली आहे. पीईटी झायलीनमध्ये विरघळतच नाही. तिथे सरळ साखळीचा नमुनाही ‘जवळपास शंभर टक्के जेल’ दाखवेल.

एक चिप, एक बाटली, एक रात्र

मला सर्वांत उपयोगी वाटणारी चाचणी सर्वांत स्वस्त आहे. एसएसपी झालेल्या पाच-सहा चिप्स घट्ट झाकणाच्या वेगवेगळ्या छोट्या बाटल्यांत टाका, प्रत्येकीत भरपूर एचएफआयपी घाला, हलवू नका, रात्रभर ठेवा. सोबत एका बाटलीत सरळ पीईटीची चिप ठेवा.

सकाळी सरळ पीईटीची बाटली स्वच्छ असेल. बाकीच्यांत तीनपैकी एक दृश्य दिसतं. पहिलं, सगळं विरघळलेलं: मग जेलचा प्रश्न नाही, धूळ आणि कचरा शोधा. दुसरं, अख्खी चिप फुगून जेलीसारखी, आतून-बाहेरून सारखी: मग रेसिपीच मर्यादेपलीकडे गेली आहे. तिसरं दृश्य सर्वांत बोलकं. चिपच्याच आकाराचं, पण तिच्याहून मोठं, पातळ पारदर्शक पोकळ टरफल तरंगत असतं. सुईने टोचलं की खाली बसतं. आतला गाभा पूर्ण विरघळून गेलेला असतो. म्हणजे जेल फक्त सालीत झालंय.

पाच-सहा चिप्स घेण्याचं कारण हे की एकाच बॅचमध्ये दोन दृश्यं एकत्र दिसली तर प्रश्न रसायनाचा नसून रिअॅक्टरमधल्या तापमानाचा किंवा गॅसच्या वाटपाचा असतो. पुढचे तीन भाग या दृश्यांप्रमाणे वाचा.

अख्खी चिप जेल: रेसिपीचं गणित

जेल कधी होणार याचा ढोबळ अंदाज कागदावर बांधता येतो. फ्लोरी यांनी १९४१ मध्ये आणि स्टॉकमायर यांनी १९४३ मध्ये दिलेली अट अशी: एका फांदीबिंदूपासून निघालेली साखळी दुसऱ्या फांदीबिंदूला पोचण्याची शक्यता १/(f−१) झाली की जाळं सुरू होतं. f म्हणजे फांदीकारकावरच्या क्रियाशील गटांची संख्या. तीन गटांना (ट्रायमिथिलॉलप्रोपेन) ही मर्यादा अर्धी, चार गटांना (पेंटाएरिथ्रिटॉल) एक तृतीयांश.

पीईटीवर लावून बघू. ज्या रूपांतराला (एकूण गटांपैकी जुळून गेलेल्यांच्या वाट्याला) सरळ पीईटीची साखळी सरासरी १०० रिपीट युनिटची (पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांची), म्हणजे सुमारे १९,२०० ग्रॅम प्रति मोलची झाली असती, तिथे रूपांतर ०.९९५ असतं. या टप्प्यावर जेलची मर्यादा रिपीट युनिटच्या हिशोबात ट्रायमिथिलॉलप्रोपेनला सुमारे ०.६७ मोल टक्के येते आणि पेंटाएरिथ्रिटॉलला सुमारे ०.२५. आता एसएसपीत पुढे जाऊन रूपांतर ०.९९७ करा, म्हणजे सरळ साखळी असती तर १६७ युनिटची. मर्यादा लगेच ०.४० आणि ०.१५ वर उतरते.

सगळा घोळ इथे आहे. ०.५ मोल टक्के ट्रायमिथिलॉलप्रोपेन मेल्ट रिअॅक्टरमध्ये निर्धास्त चालतं, चिप्स पूर्ण विरघळतात, लॅब ‘जेल नाही’ म्हणून सही करते. त्याच चिप्स एसएसपीत मर्यादा ओलांडतात. रूपांतरात फरक हजारात दोनाचा. मेल्टच्या चाचणीवर रेसिपी पास करणं म्हणूनच निरर्थक आहे. जिथे बॅच थांबवणार, त्या रूपांतराला मर्यादा काढा आणि तिच्या बऱ्यापैकी खाली राहा.

हे आकडे आदर्श आहेत. सगळे गट सारखे क्रियाशील, दोन्ही प्रकारची टोकं समतोल, आणि एकाच रेणूत वळून कडं होत नाही असं त्यात धरलंय. काही फांद्या कड्यांत वाया जातात, त्यामुळे सरासरीने जेल थोडं उशिरा येतं. पण चिप म्हणजे सरासरी नव्हे, तिची साल गाभ्याच्या पुढे असते. शिवाय साखळीची टोकं आणि फांदीबिंदू क्रिस्टलमध्ये बसत नाहीत, ते अमॉर्फस, म्हणजे अव्यवस्थित, भागात ढकलले जातात. चिप निम्मी क्रिस्टलाइन असेल तर उरलेल्या निम्म्या जागेत सगळी टोकं गोळा झालेली असतात. मेल्टमधल्या अनुभवावरून एसएसपीचा वेग बांधू नये, तो याचसाठी.

पेंटाएरिथ्रिटॉलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: एसएसपीला जाणाऱ्या रेसिपीत शक्यतो नको. ०.१५ मोल टक्के म्हणजे वजनाने जेमतेम ०.१ टक्का. इतक्या अरुंद जागेत वजनकाट्याची किंवा फीडरची किरकोळ चूकही जेलपलीकडे नेते. तीन गटांचा फांदीकारक श्वास घ्यायला जागा देतो.

फक्त साल जेल: ग्लायकॉल बाहेर पडण्याची वाट

एसएसपीत साखळी दोन वाटांनी वाढते. दोन हायड्रॉक्सिइथिल टोकं जुळून इथिलीन ग्लायकॉल बाहेर पडतं, किंवा कार्बोक्सिल आणि हायड्रॉक्सिल टोक जुळून पाणी. दोन्ही क्रिया उलटसुलट चालतात, त्यामुळे बाहेर पडलेला रेणू चिपमधून निघून जाईल तितकीच प्रगती. सालीतून तो लगेच जातो, गाभ्यातून रेंगाळतो. सरळ पीईटीत याने फक्त साल-गाभ्यात आयव्हीचा फरक पडतो आणि एक्स्ट्रूडरमध्ये मिसळून जातो. फांद्यांच्या पीईटीत मात्र सालीचं रूपांतर जेलची मर्यादा ओलांडतं, गाभा मागेच राहतो, आणि सरासरी आयव्ही अगदी निष्पाप दिसतो.

उपाय चिपच्या आकारापासून सुरू होतो. बाहेर पडायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने बदलतो. ३ मिलिमीटरची चिप २ मिलिमीटरवर आणली तर हा वेळ २.२५ पटीने घटतो. कटरचा वेग वाढवणं हे रेसिपी बदलण्यापेक्षा केव्हाही सोपं. पण चिप्स लहान करताना सगळ्या सारख्या लहान हव्यात. अर्ध्या मोठ्या, अर्ध्या लहान असा माल आला तर लहानांचं जेल आणि मोठ्यांचा कच्चा गाभा, दोन्ही एकाच पिशवीत मिळतील. भुकटी एसएसपीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा चाळून काढा.

दुसरा उपाय शेवटचं तापमान कमी ठेवणं. २१५ ऐवजी २०० ते २०५, आणि वेळ जास्त. रसायनाचा वेग आणि ग्लायकॉल सरकण्याचा वेग यांतली दरी त्यामुळे घटते. उत्पादनवाल्यांना हे आवडत नाही, पण तुंबलेली स्क्रीन बदलण्यात जातो त्याहून हा वेळ कमीच असतो.

जेल नाही, तरी आयव्ही हलत नाही

ही वेगळी केस आहे आणि पीएमडीएच्या रेसिपीत वारंवार भेटते. सगळं विरघळतंय, गाळणी कोरडी, दुरुस्त केलेला आयव्हीसुद्धा जागचा हलत नाही. बहुतेक वेळा टोकांचा हिशोब बिघडलेला असतो.

समजा सुरुवातीच्या रेझिनचा सरासरी रेणुभार २०,००० आहे. एका किलोत ५० मिलिमोल साखळ्या, म्हणजे १०० मिलिमोल टोकं. त्यातली ७० हायड्रॉक्सिल, ३० कार्बोक्सिल. वजनाने ०.३ टक्के पीएमडीए घातलं, म्हणजे किलोला ३ ग्रॅम, १३.७५ मिलिमोल. प्रत्येक रेणूवर दोन अॅनहायड्राइड, म्हणून २७.५ मिलिमोल. एक्स्ट्रूडरमध्ये ते हायड्रॉक्सिल टोकांशी चटकन उघडतात, आणि प्रत्येक उघडण्यात एक नवं कार्बोक्सिल जन्माला येतं. आता हायड्रॉक्सिल उरले ४२.५, कार्बोक्सिल झाले ५७.५. एसएसपी सुरू होण्याआधीच तराजू उलटलाय. कार्बोक्सिल आणि कार्बोक्सिल या परिस्थितीत जुळत नाहीत. हायड्रॉक्सिल संपले की वाढ संपली. तुमचा नायट्रोजन कितीही कोरडा असो.

म्हणून पीएमडीएच्या रेसिपीला हायड्रॉक्सिल भरपूर असलेलं, कमी कार्बोक्सिलचं रेझिन घ्या. पुन्हा वापरात आणलेलं पीईटी बऱ्याचदा कार्बोक्सिलने भरलेलं असतं, आणि त्यात ‘आयव्ही उचलायला’ पीएमडीए ओतलं की नेमकं हेच होतं. कार्बोक्सिलचं टायट्रेशन एसएसपीच्या आधी एकदा आणि आयव्ही थांबल्यावर एकदा करा. दुसऱ्या वेळी कार्बोक्सिल अजून भरपूर असूनही वाढ थांबलेली असेल तर निदान पक्कं. डोस कमी करणं, किंवा थोडं काम ट्रायमिथिलॉलप्रोपेनवर टाकणं, हे दोन्ही चालतं.

पीएमडीएच्या आणखी दोन खोडी. एक, ते हवेतली ओल घेऊन पायरोमेलिटिक आम्ल होतं. आम्ल अॅनहायड्राइडच्या मानाने फार संथ, त्यामुळे एक्स्ट्रूडरमध्ये काम होत नाही आणि सगळं एसएसपीवर पडतं. उघडी राहिलेली पिशवी संशयित असेल तर इन्फ्रारेड काढा: अॅनहायड्राइडची जोडी १८५० आणि १७७० प्रति सेंटिमीटरच्या आसपास असते, आम्लाचा पट्टा १७०० कडे. दोन, त्याचा वितळणबिंदू सुमारे २८६ अंश आहे, म्हणजे बहुतेक पीईटी एक्स्ट्रूडरच्या तापमानाच्या वरच. त्यात गुठळी पडली तर ती वितळत नाही, काठाकाठाने झिजते, आणि तिच्याभोवतीच्या साखळ्यांना नेमून दिलेल्या डोसच्या कितीतरी पट डोस मिळतो. मेल्टमधून निघालेल्या चिप्समध्येच तुरळक दाणे दिसत असतील तर एसएसपीला दोष देऊ नका, आधी पावडर चाळा, वाळवलेल्या दळलेल्या चिप्ससोबत पातळ करून फीड करा. पीएमडीएची धूळ श्वसनमार्गाला संवेदनशील करते, ती उघड्यावर हाताळू नका.

टोकांचा हिशोब ठीक असेल तर गॅसकडे वळा. फिरवून वापरलेल्या नायट्रोजनमध्ये ग्लायकॉल किंवा पाणी उरलं असेल तर क्रिया मागे ढकलली जाते. त्याच चिप्स काचेच्या नळीत सिलिंडरच्या ताज्या नायट्रोजनखाली, त्याच तापमानाला ठेवून बघा. तिथे आयव्ही चढला तर रेझिन निर्दोष, गॅसचं शुद्धीकरण तपासा. ड्यू पॉइंट (गॅसमधल्या ओलीचं माप) उणे ४० अंश किंवा त्याखाली हवा.

ऑक्सिजन आणि ओल

ऑक्सिजनने सरळ पीईटीतही फांद्या आणि जेल होतं, सोबत पिवळेपणा येतो. रेसिपीला दोष द्यायच्या आधी जाळीच्या पिशवीत थोड्या सरळ पीईटीच्या चिप्स भरून त्याच बॅचमध्ये सोडा. त्या पिवळ्या पडल्या आणि एचएफआयपीत पूर्ण विरघळल्या नाहीत, तर गळती शोधा. ही पिशवी कायमची सवय म्हणून ठेवली तरी हरकत नाही.

ओल उलट दिशेने फसवते. एसएसपीनंतर चिप्स नीट न वाळवता वितळवल्या की १०० पीपीएम पाणीसुद्धा किलोला साडेपाच मिलिमोल बंध तोडतं. २०,००० चा रेणुभार १८,००० वर येतो. मग मेल्ट व्हिस्कॉसिटी कमी दिसते आणि पुढची बॅच कुणीतरी जास्त चालवतं. मोजण्याआधी ५० पीपीएमच्या खाली वाळवा.

चिप्स चिकटतात, ढेकळं होतात

फांदीबिंदू क्रिस्टलच्या रचनेत अडथळा आणतात, त्यामुळे हे पीईटी सरळ पीईटीपेक्षा सावकाश क्रिस्टलाइझ होतं. सरळ पीईटीचा तापवण्याचा प्रोग्रॅम जसाच्या तसा लावला तर साल अजून मऊ असतानाच तापमान पुढे जातं आणि चिप्स एकमेकींना धरतात. ढेकूळ झालं की ग्लायकॉलचं अंतर वाढलं, म्हणजे वरचा साल-गाभ्याचा प्रश्न कितीतरी पटीने मोठा. १५० ते १७० अंशांच्या दरम्यान हलवत जास्त वेळ ठेवा. डीएससीत (नमुना तापवताना उष्णतेची देवघेव मोजणाऱ्या यंत्रात) गरम करताना दिसणारं क्रिस्टलायझेशनचं शिखर पूर्ण नाहीसं झालं की पुढे जा. त्याच आलेखात मुख्य वितळण्याच्या आधी एक छोटा खळगा दिसतो, तो नमुना ज्या तापमानाला शेवटी ठेवला होता त्याच्या थोडा वर असतो. पुढची पायरी नेहमी त्या खळग्याच्या खाली ठेवा. प्रत्येक पायरीवर थांबलात की खळगा वर सरकतो आणि पुढची पायरी मोकळी होते.

बॅच कशावर थांबवायची

दोन गोष्टींवर: जेलचा टक्का आणि वितळलेल्या अवस्थेतली कमी फ्रिक्वेन्सीची व्हिस्कॉसिटी. जेलचा टक्का काढायला: नमुना एचएफआयपीत २४ तास, वजन केलेल्या बारीक स्टीलच्या जाळीतून गाळणं, ताज्या द्रावकाने धुणं, व्हॅक्यूममध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवणं. फुगलेलं जेल द्रावक घट्ट धरून ठेवतं, म्हणून ‘वाळलंय’ असं डोळ्यांनी ठरवू नका.

ऱ्हिओमीटर (वितळलेल्या मालाचं वाहणं मोजणारं यंत्र) असेल तर चित्र आणखी लवकर दिसतं. विंटर आणि शाँबों यांनी १९८६ मध्ये दाखवलं की जेलबिंदूवर टॅन डेल्टा (चिकट आणि लवचीक प्रतिसादाचं गुणोत्तर) फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलायचा थांबतो. एसएसपीचे तासातासाचे नमुने घेऊन टॅन डेल्टाच्या रेषा एकावर एक काढा. त्या आडव्या होऊ लागल्या की जेल यायच्या आत थांबता येतं, ते गाळणीवर दिसायची वाट बघावी लागत नाही. मात्र मोजताना नमुना प्लेट्सच्या मध्येही बदलत असतो, साखळ्या जुळतात आणि तुटतातही. आधी एकाच फ्रिक्वेन्सीवर वेळेनुसार मोजा, व्हिस्कॉसिटी जितका वेळ स्थिर राहते तितक्यातच बाकीचं मोजमाप उरका. नायट्रोजन आणि पूर्ण वाळलेला नमुना हे गृहीत आहेच.

हातात असलेल्या बॅचचं काय करायचं

साल जेल झाली असेल, गाभा नसेल, तर बॅच वाचण्याची शक्यता असते. पीईटी वितळल्यावर एस्टर बंध आपापसात अदलाबदल करतात, आणि चिपची एकंदर सरासरी मर्यादेखाली असेल तर सालीतलं जाळं हळूहळू उलगडू शकतं. थोड्या चिप्स पक्क्या वाळवा, नायट्रोजनखाली २८५ अंशांना काही मिनिटं वितळवून ठेवा, थंड करून पुन्हा जेल काढा. सोबत सरळ पीईटीचा नमुना त्याच वागणुकीतून काढा. त्याचा आयव्ही जवळपास टिकला आणि तुमचं जेल मात्र घटलं, तर जेल घटण्याचं कारण अदलाबदल आहे. सरळ नमुन्याचाही आयव्ही कोसळला असेल तर ते पाण्याने तोडलंय, चाचणी परत करा. निकाल चांगला आला तर ही बॅच सरळ पीईटीत मिसळून, स्क्रूमध्ये जास्त वेळ राहील अशा बेताने चालवता येते.

अख्खी चिप जेल असेल आणि वितळवूनही टक्का जागचा हलत नसेल, तर मिसळण्याच्या भानगडीत पडू नका. थोड्या प्रमाणात मिसळली तरी एक्स्ट्रूडरच्या अल्प वेळात ती विरत नाही, फक्त दाणे जास्त मालात वाटले जातात. जादा ग्लायकॉलमध्ये तापवून तोडली तर एस्टर बंध उघडतात आणि छोटे रेणू हाती येतात. मात्र फांदीकारक त्यातच राहतो, तेव्हा ते परत रिअॅक्टरमध्ये घेणार असाल तर पुढच्या रेसिपीच्या हिशोबात तो धरावा लागेल.